मुलाला ‘बोल’ म्हणण्याआधी: पहिल्या तीन वर्षांत घरी काय करायचं, कोणत्या क्रमाने

“हे काय आहे? बॉल. म्हण, बॉ–ल. म्हण ना!” दीड वर्षाचं मूल आईच्या तोंडाकडे बघतं, बॉलकडे बघतं आणि उठून दुसरीकडे चालू लागतं. मग बाबा तोच शब्द आणखी मोठ्याने म्हणतात. संध्याकाळी आजी प्रयत्न करून बघते. मूल बोलत नाही अशी शंका आली की बहुतेक घरांत पहिलं हेच सुरू होतं, आणि मुलाला यातून शब्द मिळत नाही. बोलणं म्हणजे परीक्षा आहे एवढंच त्याला कळतं.

मी दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात काम करते. पालकांची माया किंवा मेहनत कमी पडते असं मला क्वचितच दिसलं. चुकतो तो क्रम. तोंडातून आलेला शब्द ही बरीच वरची पायरी आहे. तिच्याखाली नीट ऐकू येणं, दोघांनी एकाच गोष्टीकडे बघणं, आळीपाळीने प्रतिसाद देणं आणि अर्थ कळणं या पायऱ्या असतात. खालची पायरी कच्ची असताना वरच्या पायरीवर जोर लावला की मूल दमतं आणि आपण चिडतो. म्हणून मूल सहा महिन्यांचं असो की अडीच वर्षांचं, पहिल्या टप्प्यापासूनच सुरुवात करा. मोठ्या मुलाचे पहिले टप्पे लवकर उरकतील इतकंच.

## तयारी: एक व्हिडिओ, एक कागद

फोन कुठेतरी टेकवून ठेवा आणि मुलासोबत पाच मिनिटं नेहमीसारखं खेळा. मूल झोपल्यावर तो व्हिडिओ बघा आणि तीन गोष्टी मोजा: तुम्ही किती प्रश्न विचारले, किती वेळा ‘हे कर, ते म्हण’ सांगितलं, आणि मुलाने काही करायच्या आत किती वेळा पुन्हा बोललात. मोजायचं स्वतःला, मुलाला नाही. पहिल्यांदा आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो. तो कागद जपून ठेवा.

दुसरा कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी चिकटवा. मूल जे शब्द स्वतःहून वापरतं ते घरातल्या कोणीही त्यावर लिहावेत. शब्द म्हणजे शुद्ध उच्चार नव्हे. पाण्यासाठी दर वेळी ‘पा’ म्हणत असेल तर तो शब्द धरा. कुत्र्यासाठी ‘भू-भू’ हाही शब्दच. आपण म्हटल्यावर लगेच पोपटासारखा म्हटलेला आणि पुन्हा कधी न वापरलेला शब्द मात्र धरू नका.

## टप्पा १: ऐकू येतंय याची खात्री

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. “टाळी वाजवली की बघतं, म्हणजे ऐकू येतं” असं म्हणून विषय संपवला जातो. पण टाळी वाजवणारा हात मुलाला दिसतो, आणि मोठा आवाज कमी ऐकू येणाऱ्या मुलापर्यंतही पोचतो. काही मुलांना दार आपटलेलं ऐकू येतं, पण स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात. अशा मुलाला आपलं बोलणं तुकड्या-तुकड्यांत मिळतं.

नवजात बाळाची श्रवणचाचणी ओएई (कानात हलका आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणं) किंवा बेरा (आवाजाला श्रवणाच्या नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणं) या पद्धतीने होते. बाळ झोपलेलं असतानाही ती करता येते आणि दुखत नाही. जगभर मान्य असलेलं वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं आहे: पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, दोष वाटला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. ही वेळ टळून गेली असेल तर आत्ता करा. ती कोणत्याही वयात करता येते.

जन्मावेळची चाचणी चांगली आली म्हणजे कायमचं निश्चिंत झालो असं नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. ते बऱ्याचदा दुखत नाही, ताप नसतो, आणि ऐकू येणं एका आठवड्यात बरं, दुसऱ्यात कमी असं खाली-वर होतं. माझ्या मुलीला हाक मारल्यावर ती कधी वळायची, कधी नाही, आणि आम्ही कित्येक महिने ‘खेळात रमलीय’ असं समजत राहिलो. पाणी साठलंय हे कळायला एक तपासणी पुरली, ती आम्ही उशिरा केली.

तपासून बघा: मूल शांत बसलेलं असताना मागून, सावलीही दिसणार नाही अशा जागेवरून, हळू आवाजात नाव घ्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. वळत नसेल तर तपासणी लगेच. वळत असेल पण बोलण्यात मागे वाटत असेल, तरीही तपासणी करायचीच. घरातली हाक चाचणीची जागा घेत नाही.

## टप्पा २: घरातला गोंगाट खाली आणा

टीव्ही कोणी बघत नाही, नुसता चालू आहे, म्हणून त्रास नाही असं आपल्याला वाटतं. मोठ्या माणसाला गोंगाटातून एक आवाज वेगळा काढता येतो. लहान मुलाला ते नीट जमत नाही. शिवाय मागे टीव्ही चालू असला की आपणच मुलाशी कमी आणि तुटक बोलतो.

मोबाइलवरची गाणी आणि ‘शिकवणारे’ व्हिडिओ यांचंही तेच. पॅट्रिशिया कुल या अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या ९ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसला, काहींना तेच रेकॉर्डिंग दाखवलं. माणसासोबत खेळलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखू येऊ लागले. रेकॉर्डिंगवाल्यांना काहीच फायदा झाला नाही. या वयात भाषा माणसाकडून शिकली जाते, कारण माणूस बाळाकडे बघून थांबतो, हसतो, बदलतो. पडदा तसं करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादाही स्पष्ट आहे: एक वर्षापर्यंत स्क्रीन नको, दोन वर्षांपर्यंतही बसून पाहायची स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, त्याहून कमी असेल तर उत्तमच. लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो, कारण पलीकडचं माणूस उत्तर देतं.

करायचं ते असं: दिवसातल्या दोन वेळा ठरवा, सकाळची आंघोळ-कपड्यांची आणि संध्याकाळच्या खेळाची. या वेळी टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. बटण दाबलं की बोलणारी खेळणी कपाटात. गाडीने स्वतः ‘पी-पी’ केलं की ते करायची पाळी ना मुलाला मिळते, ना आपल्याला.

## टप्पा ३: खाली बसा, बघा, थांबा

या टप्प्यावर दोन आठवडे द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आधी जागा. आपण उभे आणि मूल जमिनीवर असेल तर त्याला आपले गुडघे दिसतात. त्याच्यासमोर, तोंड समोरासमोर येईल असं बसा. शेजारी किंवा मागे नको. मुलाला ओठ, डोळे आणि भुवया दिसायला हव्यात.

मग थांबायचं. हेच सगळ्यांना जड जातं. एक प्रसंग सांगते. एकोणीस महिन्यांच्या मुलाचा बॉल कपाटाखाली गेला. तो वाकला, हात घातला, पोचला नाही. वळून बाबांकडे बघितलं. बाबा उठायच्या बेतात होते, मी हाताने खूण करून थांबवलं. मूल पुन्हा कपाटाकडे वळलं, पुन्हा बाबांकडे. चार-पाच सेकंद गेले. मग बोट कपाटाखाली गेलं आणि “आं!” असा आवाज आला. आता बाबा म्हणाले, “बॉल! आत गेला. बॉल आत गेला.” मूल त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं आणि म्हणालं, “आत.” बाबा दुसऱ्याच सेकंदाला उठून बॉल काढून देणार होते. तसं झालं असतं तर बोटही नाही, आवाजही नाही, शब्दही नाही.

आपलं मूल काय मागणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि मायेपोटी आपण मागण्याची गरजच उरू देत नाही. तेव्हा मुलाने काही सुरू केलं की मनात दहापर्यंत आकडे मोजा. चेहरा उत्सुक ठेवा, भुवया थोड्या वर, अंग पुढे झुकलेलं. तोंड बंद. दहा सेकंद फार लांब वाटतात, पण लहान मुलाला ऐकलेलं पोचायला आणि उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागू शकतो.

मुलाचं उत्तर म्हणजे फक्त शब्द नव्हे. नजर, बोट, हात पुढे करणं, ‘अं’, हसणं, पाय आपटणं, ही सगळी त्याची पाळी. ती झाली की तुमची. पुन्हा थांबा, पुन्हा त्याची. तीन महिन्यांच्या बाळासोबतही हे जमतं: बाळ ‘अगं’ करतं, तुम्ही तसंच करता, थांबता, बाळ पुन्हा करतं. २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा संवादाच्या किती पाळ्या झाल्या, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी जास्त संबंध दिसला. सतत बोलत राहा हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. कोणाला मध्ये बोलायला जागाच न ठेवणाऱ्या माणसाजवळ आपणही गप्प होतो.

सावध: थांबणं म्हणजे अडवणं नव्हे. “पाणी म्हटल्याशिवाय पाणी मिळणार नाही” असं कधीही करू नका. दहा सेकंदांत काही आलं नाही तर शब्द तुम्ही म्हणा आणि वस्तू द्या. तहान किंवा रडं यांचा सौदा केला की मूल बोलण्यालाच घाबरतं.

तपासून बघा: एका खेळात दोघांच्या मिळून सलग पाच पाळ्या होतात का? होत असतील तर पुढे जा. नसतील तर आणखी एक आठवडा इथेच.

## टप्पा ४: त्याच्या नजरेमागे शब्द न्या

मूल चप्पल उलटी-पालटी करतंय आणि आपण चित्र दाखवून म्हणतो, “इकडे बघ, हत्ती!” आता मुलाला आधी चप्पल सोडायची, मग हत्ती शोधायचा, मग शब्द ऐकायचा. तिसऱ्या कामापर्यंत ते पोचत नाही. चप्पल पकडली असेल तर चपलेचाच शब्द द्या. मूल ज्याकडे बघतंय त्याचा शब्द त्याच क्षणी मिळाला तर तो जास्त चांगला बसतो, हे १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसलंय.

फक्त नावं देऊ नका. ‘पंखा, गाडी, फूल’ यांची लांब यादी झालेली पण दोन शब्द जोडता न येणारी मुलं मी पाहिली आहेत, कारण त्यांच्याकडे जोडायला क्रियापदच नसतं. पडला, गेला, दे, उघड, संपलं, आणखी, नको, वर, आत हे शब्द दिवसातून पन्नास वेळा खरोखर उपयोगी पडतात. मुलाला आधी तेच हवे असतात.

वाक्य छोटं ठेवा, पण मोडू नका. “बॉल पड” किंवा “पाणी सांड” असं तुटक बोलण्याची गरज नाही. मराठीत लिंग, वचन, काळ सगळं शब्दाच्या शेवटाला चिकटतं. तो शेवट खाल्ला तर मुलाने तो कुठून उचलायचा? “बॉल पडला. पिशवी पडली. पुस्तक पडलं.” तीन वस्तू पाडण्याच्या एका खेळात तिन्ही लिंगं कानावर येतात.

आवाज सुरेल, संथ, थोडा चढा असू द्या. बाळांना तसा आवाज आवडतो आणि ध्वनी सुटे ऐकू येतात. लाडाने उच्चार मोडणं मात्र वेगळं. मूल ‘काका’ला ‘ताका’ म्हणालं म्हणून आपणही “ताका आले” म्हणू नये. ‘भू-भू’, ‘चिऊ’, ‘मम’ यांना माझा विरोध नाही, ते म्हणायला सोपे असतात. फक्त जोडीला खरा शब्द असू द्या: “भू-भू! कुत्रा आला.”

## टप्पा ५: मुलाच्या शब्दाला एक शब्द जोडा

मूल ‘गाडी’ म्हणालं की तुम्ही “गाडी गेली” म्हणा. ‘गाडी गेली’ म्हणालं की “लाल गाडी गेली” किंवा “गाडी लांब गेली”. मुलाच्या एक-दोन शब्द पुढे, त्याहून जास्त नाही. ‘गाडी’ला उत्तर म्हणून गाडीला किती चाकं असतात याचं व्याख्यान दिलं तर मूल निसटतं.

आता चुका. “मी करलं”, “बाबा जाला”, “ती येली” असं मूल म्हणायला लागलं की काहींना काळजी वाटते. ही प्रगतीची खूण आहे. ‘पडलं’, ‘बसलं’, ‘धरलं’ यांतून मुलाने नियम स्वतः शोधून काढला आणि ‘कर’ला लावला. ‘केलं’ हा अपवाद आहे हे त्याला अजून कळायचंय. “करलं नाही, केलं म्हण” असं थांबवू नका. “हो, तू केलं! छान केलं!” असं योग्य रूप दोनदा ऐकवा आणि पुढे चला. मुलगा आईसारखं “मी जाते” म्हणत असेल तर त्यावर हसू नका. दिवसभर जे कानावर पडतं तेच तो म्हणतो. “हो, तू जातोस. बाबा म्हणतात, मी जातो” असं बाबांच्या तोंडून ऐकलं की हळूहळू बदलतं.

उच्चारांचंही तसंच. प, ब, म लवकर येतात. र, ळ, जोडाक्षरं उशिरा. तीन वर्षांच्या मुलाने ‘राजा’ला ‘लाजा’ म्हटलं तर घाबरू नका. अंदाज असा ठेवा: दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं परक्या माणसाला कळावं, तिसऱ्या वर्षी साधारण तीन चतुर्थांश, चौथ्या वर्षी जवळपास सगळं.

प्रश्न विचारायचेच असतील तर निवडीचे विचारा: “लाल हवा की निळा?” उत्तराचे शब्द प्रश्नातच मिळतात. ‘हे काय, ते काय’ची सरबत्ती मात्र थांबवा. एका प्रश्नामागे तीन-चार साधी वाक्यं असावीत.

सावध: पाहुण्यांसमोर “म्हणून दाखव” नको. म्हटलं तर कौतुक, नाही म्हटलं तर सगळ्यांसमोर अपयश. मूल दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवतं.

## टप्पा ६: पुस्तक

चित्रं मोठी, मजकूर थोडा, पानं जाड. पान मुलाने उलटायचं, उलटं-सुलटं चाललं तरी. लिहिलेलं वाचून संपवण्याचा हट्ट सोडा, ज्या चित्रावर बोट गेलं तिथे थांबा. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर विसाव्यांदा द्या. ओळखीच्या वाक्याचा शेवटचा शब्द सोडून थांबलात की तो एक दिवस मुलाकडून येतो.

## टप्पा ७: घरात दोन भाषा असतील तर

“एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल गोंधळेल” हा सल्ला अजून दिला जातो आणि तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे मूल बोलण्यात मागे पडत नाही. प्रत्येकाने आपल्याला सहज येणारी, ज्यात रागावता आणि लाड करता येतात ती भाषा बोलावी. शाळेची तयारी म्हणून अडखळत परकी भाषा बोललात तर मुलाला तोडकी वाक्यं मिळतात आणि घरची भाषाही निसटते. शब्दांच्या कागदावर दोन्ही भाषांचे शब्द मिळून मोजा. एका वाक्यात दोन्ही मिसळणं हेही सर्वसाधारण आहे.

## टप्पा ८: कधी वाट बघायची नाही

पुढीलपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांच्याकडे जा:

- १२ महिन्यांपर्यंत ‘बाबाबा, दादादा’ अशी बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं नाही
- १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही
- २ वर्षांपर्यंत पन्नासपेक्षा कमी शब्द, किंवा ‘बाबा गेला’ अशी स्वतः जोडलेली दोन शब्दांची वाक्यं नाहीत
- नावाने हाक मारल्यावर बघत नाही, साधी सूचना खुणेशिवाय कळत नाही
- कोणत्याही वयात, आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे झाले. यात एक आठवडाही वाट बघू नका

दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान काही मुलं शब्द पुन्हा-पुन्हा म्हणत अडखळतात. बऱ्याच मुलांचं ते आपोआप जातं. त्या वेळी “सावकाश बोल” न म्हणता आपण सावकाश बोला. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, चेहरा-मान ताणली जाऊ लागली किंवा घरात कोणाला तोतरेपणा असेल तर दाखवा.

“मुलगे उशिराच बोलतात”, “याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले” यावर विसंबू नका. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपली आपण गाठतात, पण तुमचं मूल त्यातलं आहे की नाही हे घरी बसून सांगता येत नाही. तपासणीत सगळं ठीक निघालं तर नुकसान काहीच नाही. उपचार लागणार असतील तर दोन वर्षांच्या वयात गेलेले सहा महिने फार मोठे असतात.

जाताना श्रवणचाचणीचा अहवाल, शब्दांचा कागद आणि दोन व्हिडिओ घेऊन जा: सुरुवातीला काढलेला आणि आत्ताचा. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं, त्यामुळे घरचा व्हिडिओ तज्ज्ञांना खूप उपयोगी पडतो. नवा व्हिडिओ काढताना मुलाला बोलायला लावू नका. समोर बसा, एक बॉल ठेवा आणि दहापर्यंत आकडे मोजा.